मागच्या बॉक्समधून दोनदा ऐकू येतंय? डिले तपासायचा क्रम

स्टेजजवळ दोन मोठे बॉक्स (स्पीकर) आणि मंडपाच्या मध्याच्या थोडं मागं आणखी दोन. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदीसारख्या गावांतली साहित्य संमेलनं असोत, खानापूरकडचं पारायण असो की बेळगावातल्या गल्लीतला गणपती, मांडणी साधारण हीच असते. तक्रारही ठरलेली: "मागं दोनदा ऐकू येऊलालंय बघा." दर हंगामात हाच बिघाड काढत असल्यामुळे तो कुठून शोधायचा, हे एकदा सविस्तर लिहितोय. प्रोसेसर, म्हणजे मिक्सर आणि बॉक्स यांच्यामध्ये सिग्नल सांभाळणारं यंत्र, कुठल्याही कंपनीचा असो, क्रम तोच.

लक्षणं

तक्रार करणारा "दोनदा ऐकू येतंय" एवढंच सांगतो, पण त्यात बरेच वेगवेगळे प्रकार दडलेले असतात. आधी स्वतः मंडपभर फिरून नेमकं काय होतंय ते ऐका.

– मधल्या आणि मागच्या रांगांत प्रत्येक शब्दाला शेपूट लागतं, पुढच्या रांगांत मात्र सगळं ठीक.
– शब्द कळतात, पण वक्ता समोर आणि आवाज शेजारच्या बॉक्समधून. लोक मान वळवून बॉक्सकडे बघत राहतात.
– आवाज पोकळ वाटतो आणि डोकं हातभर सरकवलं की बदलतो.
– दुपारी चेक केलं तेव्हा छान होतं, रात्री कीर्तन उभं राहिलं आणि बिघडलं.
– मागं तक्रार नाही, पण पोडियमवरचा माणूस अडखळत, शब्द ओढत बोलतो.
– ठरावीक वेळानं बारीक 'टक्' असा आवाज येतो.
– लाईट जाऊन आली की दुरुस्त केलेलं परत पहिल्यासारखं.

मुळातलं कारण दोन ओळींत सांगतो. वायरमधला सिग्नल मागच्या बॉक्सला लगेच पोचतो. पुढच्या बॉक्समधला आवाज हवेतून येतो, तो सेकंदाला साधारण ३४८ मीटरनं. चाळीस मीटरवर बसलेल्या माणसाला शेजारचा बॉक्स आधी ऐकू येतो आणि पुढचा ११५ मिलीसेकंदांनी. बोलण्यात पन्नासच्या आसपास मिलीसेकंदांचं अंतर पडलं की कान त्याला सरळ दुसरा आवाज धरतो. म्हणून प्रोसेसरमध्ये मागच्या बॉक्सचा सिग्नल तेवढा वेळ रोखून धरायचा, यालाच डिले म्हणतात.

पैसा न लागणारे तपास

मागचे बॉक्स म्यूट करा. पहिलं काम हेच, आणि बहुतेक जण हेच सोडून थेट प्रोसेसरच्या मेनूत शिरतात. मागचे बंद करूनही दोनदा ऐकू येत असेल, तर डिलेचा काही दोष नाही.

मग मिक्सरवरचा इको बघा. आदल्या रात्री भजनाला किंवा ऑर्केस्ट्राला लावलेला इको सकाळच्या भाषणाला तसाच चालू असतो, हे इतक्या वेळा सापडतं की मी आता आधी इफेक्ट म्यूट करतो आणि मग बाकीचं बोलतो. इको बंद, मागचे बॉक्स बंद, तरी शेपूट आहेच? मग भिंत बघा. मंगल कार्यालयाची मागची भिंत तुमच्यापासून वीस मीटरवर असेल तर तिथून परतणारा आवाज जाऊन-येऊन चाळीस मीटर चालतो, म्हणजे पुन्हा तेच ११५ मिलीसेकंद. ते कुठलाच प्रोसेसर काढू शकत नाही. पुढच्या बॉक्सचं तोंड थोडं खाली, लोकांच्या डोक्यांकडे वळवा, मागच्या भिंतीवर जाड पडदे किंवा कनात लावा. पत्र्याच्या शेडमध्ये पाऊस सुरू असेल तर हा सगळा विचार सोडा, तिथं पावसापुढं काही चालत नाही.

आवाज पोकळ येतोय आणि मागचे बॉक्स बंद केल्यावरही पोकळच आहे, तर पोडियमवर किती माईक उघडे आहेत ते मोजा. एकमेकांपासून हातभर लांब असलेल्या दोन माईकमध्ये एकच आवाज थोड्या फरकानं शिरतो आणि मिक्सरमध्ये एकमेकाला खातो. एका मिलीसेकंदाचा फरक म्हणजे सुमारे ३५ सेंटीमीटर. एवढ्यानं ५००, १५००, २५०० हर्ट्झवर खड्डे पडतात, म्हणजे नेमकं माणसाच्या बोलण्यात. स्थानिक चॅनेलवाले आपला माईक ठेवतात त्याला हरकत नाही, तो आपल्या मिक्सरला लागलेला नसतो. आपले दोन असतील तर एक बंद करा.

आता उलटं करा: पुढचे म्यूट, फक्त मागचे चालू. एकट्या मागच्या बॉक्समध्येच आवाज दुहेरी असेल तर सिग्नल दोन वाटांनी तिथं पोचतोय. मिक्सरच्या मेन आउटमधून एकदा आणि ऑक्समधून (मिक्सरचं जादा आउटपुट) एकदा, त्यातल्या एकाच वाटेवर डिले आहे. एक वाट तोडा.

ही पायरी झाली की वायर बघा. डिले पाचव्या आउटपुटला दिलाय आणि बॉक्स सहाव्याला लागलाय, हे घाईत होतंच. आमच्याकडची निम्मी पोरं गोकाक, बैलहोंगलकडची. त्यांनी केबलच्या टोकांना पांढरी टेप लावून त्यावर मार्करनं कन्नडमध्ये 'मुंदे' (पुढं) आणि 'हिंदे' (मागं) लिहिलंय. टेप सहा महिन्यांत मळून काळी होते, मग दोन्ही सारखीच दिसतात. टेप बदला, चार रुपयांचं काम आहे.

आकडे: इथंच जास्त वेळ घालवा

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त बिघाड या एका जागी सापडतात. अंतर कुठून कुठपर्यंत मोजलंय ते विचारा. मिक्सरपासून नाही, माईकपासूनही नाही. पुढच्या बॉक्सपासून मागच्या बॉक्सपर्यंतचं अंतर हवं. मिक्सर मंडपाच्या मध्यात असतो आणि माणूस तिथं उभा राहून अंदाज करतो, तिथंच घोळ होतो. साधा मंडपवाल्याचा टेप चालतो, लेझरचा मीटर असेल तर उत्तम.

मग एकक. प्रोसेसरच्या पडद्यावर फूट, मीटर, मिलीसेकंद आणि कधी कधी सॅम्पल असे चार पर्याय असतात. मंडपवाले फुटांत बोलतात, आपण मीटरमध्ये मोजतो, पडदा तिसऱ्यातच असतो. ४० मीटरच्या जागी ४० फूट पडले की डिले ३५ मिलीसेकंदांचा होतो, आणि ८० मिलीसेकंदांचं शेपूट तसंच राहतं. २७ अंश तापमानाला १० मीटरला २९ मिलीसेकंद, २० मीटरला ५८, ३० मीटरला ८६, ४० मीटरला ११५. फुटांत पाठ करायचं तर शंभर फुटांना ८८. हे आकडे प्रोसेसरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

एकक बरोबर असूनही जमत नसेल, तर डिले किती ठिकाणी दिलाय ते शोधा. आजच्या सामानात डिलेची तीन घरं असतात: डिजिटल मिक्सरच्या आउटपुटला, प्रोसेसरमध्ये, आणि पॉवर्ड बॉक्सच्या (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या) पाठीवरच्या छोट्या पडद्यात. बॉक्सच्या पाठीवरचं कुणी बघत नाही. भाड्यानं आणलेल्या बॉक्सवर मागच्या कार्यक्रमाचा डिले तसाच असतो आणि तुमच्यात मिसळतो. तिन्हीकडे शून्य करा आणि एकाच ठिकाणी टाका. कुठं टाकलाय ते टेपवर लिहून मिक्सरला चिकटवा, कारण दुपारी जेवायला गेल्यावर दुसरा माणूस बसतो.

आता कानानं जुळवायची पद्धत. फोनवर मेट्रोनोमची टिकटिक लावा. फोन मिक्सरला वायरनंच जोडा, ब्लूटूथवर नको. मागच्या बॉक्सच्या समोर चार-पाच मीटरवर, पुढचा बॉक्सही सरळ दिसेल अशा जागी उभं राहा. दुसऱ्या माणसाला मिलीसेकंद एकेक करून वाढवायला सांगा. दोन टिकटिक हळूहळू जवळ येतात आणि एका ठिकाणी एक होतात. ती जागा सापडली की त्यात आणखी दहा-बारा मिलीसेकंद मिळवा.

हे वरचे दहा-बारा कशाला? १९४९ साली गटिंगेन विद्यापीठात हेल्मुट हास यांनी यावर प्रबंध लिहिला. जो आवाज कानात आधी येतो, त्याच्याच दिशेनं सगळा आवाज येतोय असं मेंदू धरतो. मागून पाच ते तीस मिलीसेकंदांनी येणारा दुसरा आवाज दहा डेसिबलनं मोठा असला तरी तो वेगळा जाणवत नाही. म्हणजे मागचा बॉक्स किंचित उशिरा वाजला की शेवटच्या रांगेतल्या आजींना आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो, शब्द मात्र शेजारच्या बॉक्समुळे स्पष्ट ऐकू येतात. नेमका शून्यावर जुळवला तर मान वळवायची तक्रार राहतेच. मात्र हे दहा-बारा वाढवून चाळीसवर नेऊ नका, मग पुन्हा शेपूट.

पोडियमवरचा माणूस अडखळतो तेव्हा

या तक्रारीकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून जरा थांबतो. वय झालेले कवी, पहिल्यांदाच माईकसमोर आलेली विद्यार्थिनी, कुणीही असो, बोलताना मध्येच शब्द लांबवायला लागतात, थांबतात, परत सुरू करतात. समोरचे म्हणतात, घाबरलेत. खरं कारण बहुतेक वेळा मागच्या बॉक्सच्या पाठीत असतं.

हिशोब करा. मागचा बॉक्स चाळीस मीटरवर आणि त्याला ११५ मिलीसेकंदांचा डिले. त्याच्या पाठीमागून निसटणारा आवाज स्टेजकडे यायला आणखी ११५. वक्त्याला स्वतःचाच शब्द २३० मिलीसेकंदांनी परत ऐकू येतो. स्वतःचा आवाज साधारण २०० मिलीसेकंद उशिरा कानावर पडला की भल्याभल्यांची जीभ अडखळते. वाचाशास्त्रात हे चांगलं माहीत असलेलं आहे. डिले जितका बरोबर, तितका हा त्रास नक्की, कारण आकडा त्याच पट्ट्यात जाऊन बसतो. म्हणून डिले कमी करून हे सुटणार नाही.

उपाय स्वस्तातले आहेत. मागच्या बॉक्सला १५० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. पाठीमागून निसटतो तो मुख्यतः खालचा सूर, आणि मागच्या लोकांना भाषण कळायला तो लागत नाही. बॉक्स थोडा उंच करून तोंड खाली वळवा. मागची पातळी तीन-चार डेसिबल उतरवा. एवढं करूनही राहिलं तर पोडियमला छोटा मॉनिटर (वक्त्याकडे तोंड केलेला बॉक्स) ठेवा, म्हणजे वक्त्याला स्वतःचा ताजा आवाज जवळून मिळतो आणि मागून येणारा त्यात बुडतो. आणि मागं चार बॉक्स लावायची हौस सोडा. दोन पुरतात.

तापमान

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळे "इथली हवा विरळ, आवाज वेगळा चालतो" असं सांगणारे भेटतात. उंचीचा इथं काही संबंध नाही, दमटपणाचाही अगदी किरकोळ. आवाजाचा वेग ठरतो तापमानावर: शून्य अंशाला ३३१ मीटर, पुढं प्रत्येक अंशाला साधारण ०.६ मीटर वाढ. दुपारी ३४ अंशांत ४० मीटरला ११३.७ मिलीसेकंद लागतात. रात्री १८ अंशांवर उतरलं की ११६.९. म्हणजे दुपारी काटेकोर शून्यावर जुळवलेला मागचा बॉक्स रात्री तीन मिलीसेकंद आधी वाजायला लागतो, आणि कीर्तनकार मागच्या बॉक्समध्ये जाऊन बसतात. वर सांगितलेले दहा-बारा मिलीसेकंद आधीच मिळवलेले असतील तर हा फरक त्यात जिरून जातो. नसतील तर दिवे लागायच्या वेळी एकदा परत टिकटिक लावून बघा. अंतर वीस मीटरच असेल तर विसरून जा.

प्रोसेसरच्या पोटातलं

इथून पुढचं थोडं अवघड. आधीचं सगळं झाल्याशिवाय इथं हात घालू नका.

प्रोसेसर आवाजाचे सेकंदाला ४८,००० किंवा ९६,००० नमुने घेतो, त्यालाच सॅम्पल म्हणतात. ४८,००० नमुन्यांत २४,००० हर्ट्झच्या खालचं सगळं पकडता येतं, कानाला २०,००० च्या वर ऐकूच येत नाही, म्हणून तेवढे पुरे. डिले म्हणजे हे नमुने मेमरीत काही वेळ ठेवून मग बाहेर काढणं. रहाटगाडगं डोळ्यांपुढं आणा: खाली गाडगं भरतं, फिरत वर येतं आणि रिकामं होतं. भरायच्या आणि रिकामं करायच्या जागेत किती गाडगी आहेत, तेवढा डिले. ११५ मिलीसेकंदांसाठी ४८ किलोहर्ट्झला ५,५२० गाडगी लागतात.

यातून दोन बिघाड निघतात. डिले सॅम्पलमध्ये लिहिलेला असेल आणि कुणी सॅम्पल रेट ४८ वरून ९६ केला, तर त्याच ५,५२० सॅम्पलचे ५७.५ मिलीसेकंद होतात. ४४.१ ला गेला तर १२५. दुसऱ्याच्या पेनड्राईव्हवरून प्रीसेट (साठवलेली सेटिंग) घेतला की हे हमखास बघा. म्हणून मी आकडे मिलीसेकंदातच लिहितो. दुसरं, ९६ ला मेमरी दुप्पट लागते, त्यामुळे बऱ्याच यंत्रांत मिळणारा जास्तीत जास्त डिले निम्म्यावर येतो. आकडा एका मर्यादेपुढं वाढतच नसेल तर कारण हे असू शकतं. रेट ४८ वर आणा. भाषण-कीर्तनाला ९६ नं काही जास्त मिळत नाही. आणि दशांशाच्या तीन घरांवर वाद घालणाऱ्यांसाठी: ४८ किलोहर्ट्झला एक सॅम्पल म्हणजे आवाजाची सव्वासात मिलिमीटरची चाल. खुर्चीत माणूस नीट सावरून बसला तरी त्याहून जास्त फरक पडतो.

'टक्' आवाज हा यंत्रातल्या घड्याळाचा, म्हणजे नमुन्यांचा ठेका ठरवणाऱ्या भागाचा, आजार आहे. मिक्सर आणि प्रोसेसर डिजिटल केबलनं जोडलेत, पण दोघंही आपापल्या घड्याळावर चालतायत. दहा लाखांत वीस एवढा बारीक फरक असला तरी सेकंदाला जवळजवळ एक सॅम्पल कमी-जास्त पडतं, ते साठत जातं आणि मग तुटतं. एकालाच मुख्य ठेवा, दुसऱ्याला 'एक्स्टर्नल क्लॉक' द्या. जमत नसेल तर डिजिटल केबल काढून साध्या अ‍ॅनालॉग केबलनं जोडा. एक-दोन मिलीसेकंद जास्त लागतील, 'टक्' मात्र जाईल.

मागच्या बॉक्सला वायरलेसनं सिग्नल देत असाल तर त्या यंत्राचा स्वतःचा उशीर डिलेतून वजा करा: ते चार खात असेल तर ११५ ऐवजी १११. ब्लूटूथ मात्र नकोच. त्याचा उशीर शंभर-दोनशे मिलीसेकंदांत कुठंही असतो, आणि डिले शून्याच्या खाली नेता येत नाही.

एलईडी पडद्यावर ओठ आणि आवाज जुळत नाहीत ही तक्रार साउंडवाल्याच्या गळ्यात येते. पडद्याचा प्रोसेसर दोन-तीन फ्रेम खातो, २५ फ्रेमच्या हिशोबानं ८० ते १२० मिलीसेकंद. मागं बसलेल्यांना आवाजही तेवढाच उशिरा पोचतो, म्हणून त्यांना सगळं जुळलेलं दिसतं. पुढच्या बॉक्सला डिले देऊन हे जुळवायला जाऊ नका, पडदेवाल्याला त्याचा उशीर कमी करायला सांगा.

लाईट गेल्यावर सगळं पुसलं जात असेल तर प्रीसेट सेव्हच झालेला नसतो. पडद्यावर दिसतो म्हणजे सेव्ह आहे असं नाही. सेव्ह करा, यंत्र बंद करून चालू करा, आकडा तोच आहे का बघा. शिवाय मिक्सर आणि प्रोसेसर या दोघांपुरता छोटा यूपीएस ठेवा. लाईन ते जनरेटर बदलतानाचा झटका त्यानं वाचतो.

पैसे खर्चून तपासायचं तर मोजमापाचा माईक आणि लॅपटॉप. रूम ईक्यू विझार्डसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. पुढचा एकटा आणि मागचा एकटा वाजवून दोघांचा उशीर मोजा, वजाबाकी म्हणजे तुमचा डिले.

थांबायचं कधी

मिक्सरला किंवा माईकच्या जाळीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर डिले बाजूला ठेवा, सगळं बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. 'हम' (बॉक्समधली घूं-घूं) घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढू नका, कुणी कितीही सांगो. ओल्या मंडपात त्यानं माणूस जातो. जनरेटरच्या न्यूट्रल-अर्थिंगचा प्रश्नही त्याच्याच हातचा.

प्रोसेसरचा पडदा गोठतो, एक आउटपुट मेलाय, सॉफ्टवेअर अपडेट अर्ध्यात अडकलंय, किंवा सेव्ह करूनही प्रीसेट पुसला जातो: झाकण उघडू नका. आतला बोर्ड साध्या सोल्डरिंग आयर्नचा नाही, सर्व्हिस सेंटरला द्या. ट्रसवर टांगलेल्या बॉक्सचा कोन बदलायचा असेल तर रिगिंगवाल्यालाच चढवा, वाऱ्यात तर कुणालाच नको. लाईन अ‍ॅरे आणि सबवूफरचं फेज जुळवणं कानानं होत नाही, त्याला सिस्टीम इंजिनिअर लागतो. आणि कार्यक्रमाला तासभर उरला असेल तर नवं काही करू नका. मागचे बॉक्स बंद ठेवून पुढच्यांवर भाषण काढा.

इंजिनिअरला फोन करण्याआधी एवढं हातात ठेवा: प्रोसेसर आणि मिक्सरचं मॉडेल, दोघांचा सॅम्पल रेट, पुढच्या-मागच्या बॉक्समधलं मोजलेलं अंतर, डिले कुठल्या यंत्रात किती आहे त्या पडद्यांचे फोटो, आणि मागचे म्यूट केल्यावर काय झालं, पुढचे म्यूट केल्यावर काय झालं. एवढं सांगितलं तर बऱ्याचदा फोनवरच काम होतं आणि त्याच्या येण्याजाण्याचे पैसे वाचतात.